गोदामायच्या रेडिओतली खरखर

नईमानं गोदामायला वेळूच्या काठीनं मारलं, हे आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. मनगटावर काठी बसल्याचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. पण त्या सकाळी काय घडलं ते सांगायचं तर आधी नईमा कोण आणि ती काय करते, हे सांगावं लागेल. नाहीतर ऐकणारा तेवढंच ऐकून उठून जायचा, जसे त्या दिवशी गल्लीतले काही लोक उठून गेले.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदी ओलांडून आत शिरलं की बाजाराच्या मागे आमची गल्ली लागते. तिथं रहमतुल्लाभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नईमा त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की दप्तर टाकून दुकानातल्या लाकडी पाटावर बसायची आणि बाप तारांच्या जोडांना कथलाचा डाग देत असला की फुंकर घालायची. पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न होऊन बार्शीटाकळीला गेली. नवरा वकार शिंपीकाम करतो. त्यानं अकोल्यात दुकान टाकलं तेव्हा दोघं परत इथंच, तिच्या बापाच्या घरात राहायला आले. रहमतुल्लाभाई तोवर गेले होते. दुकान बंद होतं. रेडिओ दुरुस्तीला आणायचं लोकांनी केव्हाच सोडलं होतं.

नईमानं दुकान उघडलं, पण दुरुस्तीसाठी नाही. ती अँटेना बनवू लागली. हातात मावणाऱ्या रेडिओसाठी.

आजच्या काळात हे कोणाला लागतं, असं मला वाटायचं. पण लागतं. वरूडकडे संत्र्याच्या बगिच्यात राखणीला बसणाऱ्यांना लागतं, कारण तिथं मोबाईलला रेंज नसते आणि दिवसा नागपूर केंद्र दबून दबून येतं. म्हाताऱ्या माणसांना लागतं. आणि अमरावतीत अश्विन म्हणून एक अंध संगीतशिक्षक आहेत, त्यांच्या ओळखीतल्या दृष्टिहीन मंडळींना तर फारच लागतं. त्यांच्यातले काही जण फक्त दूरची स्टेशनं धुंडाळण्यासाठी रेडिओ लावतात. नईमा दर थोड्या दिवसांनी तिकडे जाऊन येते, त्यांच्या चौकटी जुळवून देते.

चौकट म्हणजे तिची अँटेना. सागवानाच्या पट्ट्यांचा चौकोन, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, आणि खाली जुन्या रेडिओतून काढलेली गँग, म्हणजे स्टेशन लावताना आपण जी चकती फिरवतो तिच्यामागचा भाग. चौकटीची तार रेडिओला जोडायची नसते. रेडिओ नुसता जवळ ठेवायचा आणि गँग हळूहळू फिरवायची. एका जागी आली की मेल्यासारखा पडलेला आवाज एकदम उभा राहतो. वेढे जास्त झाले तर डायलच्या वरच्या टोकाची स्टेशनं हाताला लागत नाहीत, कमी झाले तर खालची निसटतात, आणि वेढे एकमेकांना चिकटले तर सगळंच बोथट येतं. नईमा वेढ्यांमध्ये किती जागा सोडायची हे दर रेडिओनुसार ठरवते. मापं चुकली की सगळी तार सोडते आणि पुन्हा गुंडाळते.

या चौकटीची आणखी एक खोड आहे. तिची कड स्टेशनाकडे केली की आवाज मोठा येतो, आणि तोंड तिकडे केलं की आवाज बुडतो. या बुडण्याला नईमा ‘खड्डा’ म्हणते. दोन स्टेशनं एकमेकांत घुसत असली की नको असलेलं खड्ड्यात घालायचं.

गोदामाय नईमाच्या घराला लागून राहते. मुलगा अमोल धान्याच्या अडतीवर कामाला, सून आचल घरी. गोदामायचा दिवस रेडिओवर चालतो. सकाळच्या भक्तिगीतांना चहा, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला भाकरी, बातम्यांना झोप. तिला नईमानं पहिल्याच वर्षी एक चौकट भेट दिली होती. गोदामायनं तिला खिडकीत जागा दिली आणि ती रोज पदरानं पुसायची.

या उन्हाळ्यात त्या रेडिओत खरखर शिरली. आधी मधूनमधून, मग वाऱ्याच्या दिवशी सतत. चण्याची भट्टी लागल्यासारखा आवाज. गोदामाय बोलण्यात कोणाला सोडत नाही. ती भिंतीवरून म्हणाली, “नईमा, तुह्या अब्बाच्या हातचा रेडिओ असा भुंकत नव्हता. काय बनवून ठेवलं हे?”

नईमाला ते लागलं. तिनं चौकट घरी नेली, गँग स्वच्छ केली, डाग नव्यानं दिले. दोन दिवस बरं वाटलं, कारण वारा पडला होता. मग पुन्हा तेच. तिनं सगळी तार बदलली. तरी तेच. वकारनं सांगून पाहिलं की रेडिओच जुना झाला असेल, म्हातारीला नवा घेऊन दे. पण नईमाच्या मनानं घेतलं होतं की दोष आपल्या हाताचा आहे. ती रात्रंदिवस त्याच चौकटीचा विचार करायची.

त्याच सुमारास गोदामायची दुसरी तक्रार सुरू झाली होती. हाताला मुंग्या येतात, कपडे वाळत घालताना तर हात झटकल्यासारखा होतो. आचलला तसं काही होत नव्हतं. अमोलनं आईला दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली निघाली. साखर वाढली की हातापायांना मुंग्या येतात हे सगळ्यांना माहीत असतं. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर बंद झाली. गोदामाय म्हणायची, “मले तं हे दोरीवरच्या भुतानं धरलं,” आणि आम्ही हसायचो.

आमच्यातल्या एकालाही या दोन तक्रारी एकत्र ठेवून पाहाव्या असं वाटलं नाही. खरखर नईमाकडे गेली, मुंग्या डॉक्टरकडे.

तो दिवस बाजार बंद असल्याचा होता, म्हणून अमोल घरी होता. आदल्या संध्याकाळी एक सर येऊन गेली होती. सकाळी वारा सुटला आणि गोदामायचा रेडिओ इतका खरखरला की तो माझ्या ओट्यावर ऐकू येत होता. नईमा बाहेर आली. तिच्या हातात एक लहान, पुस्तकाएवढी चौकट होती आणि तिला रबराच्या पट्टीनं बांधलेला खिशातला रेडिओ. चौकटीत दोष नाही असं तिनं अखेर मान्य केलं होतं. खरखर बाहेरून येत असली पाहिजे, आणि बाहेरून येत असेल तर तिला दिशा असणार.

तिनं रेडिओ अशा जागी लावला जिथं कुठलंच स्टेशन नाही. नुसती खरखर. मग आपल्या गच्चीवर उभी राहून ती जागच्या जागी हळूहळू फिरली. एका दिशेला तोंड झालं आणि आवाज खड्ड्यात गेला. त्या दिशेला, गल्लीच्या टोकाशी विजेचा खांब होता. ती खाली उतरून खांबाकडे गेली. मी तिला विचारलं, काय सापडलं. ती म्हणाली की खांबावर ठिणगी पडत असावी, लाईनमनला सांगते.

पण खांबाशी पोहोचल्यावर खरखर कमी झाली. वाढायला हवी होती. तिनं पुन्हा चौकट फिरवली. खड्डा त्याच रेषेत होता, पण चौकटीला पुढचं आणि मागचं वेगळं कळत नाही. आपण उलट्या बाजूला आलो असं वाटून ती रेडिओ कानाला लावून परत येऊ लागली. पावलागणिक खरखर वाढत गेली. ती माझ्या ओट्यासमोरून गेली तेव्हा तिचा चेहरा नुसता लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा होता. गोदामायच्या फाटकाशी ती थांबली आणि चौकट शेवटची फिरवली.

आवाज बुडाला तेव्हा चौकटीचं तोंड गोदामायच्या टिनाच्या छपराकडे होतं. छपराच्या कडेपासून अंगणातल्या लाकडी खांबापर्यंत कपडे वाळत घालायची लोखंडी तार ताणलेली होती.

नंतर तिनं मला सांगितलं की त्या क्षणी तिच्या डोक्यात काही विचारच आला नाही. फक्त ‘मुंग्या’ हा एक शब्द आला.

आचलनं नुकतंच अंगण पाणी टाकून झाडलं होतं. ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर येत होती.  नईमा म्हणाली, “आचल, थांब. तारेले हात लावू नको.”

आचल थांबली. तिला काही कळलं नाही. गोदामाय मात्र मागून आली, अनवाणी, ओल्या फरशीवरून. नईमानं पुन्हा सांगितलं, तारेत करंट आहे. गोदामाय म्हणाली, “करंट राह्यला असता तं मी कवाचीच मेली असती. रोज तं घालून राह्यली कपडे.” आणि दाखवायला म्हणून तिनं उजवा हात वर नेला आणि तार धरली.

रोज ती कोरड्या जमिनीवर उभी असायची. त्या दिवशी नव्हती.

ती ओरडली नाही. आम्हाला सगळ्यांना वाटतं की माणूस ओरडतं. तिची मूठ आवळली गेली, मान मागे गेली आणि सगळं अंग थरथरू लागलं. आचलच्या हातची बादली पडली. घरातून अमोल आला, त्यानं पाहिलं, आणि कोणीही शहाणा माणूस जे करेल तेच केलं: आत धावला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा बंद पडला. रेडिओ मात्र सेलवर होता, तो खरखरत राहिला. आणि गोदामाय तशीच थरथरत राहिली.

अमोल दारात येऊन उभा राहिला. त्यानं स्विच ओढला होता, तरी आईची मूठ सुटली नव्हती. तो चेहरा मला विसरता येत नाही. तो तिला धरायला पुढे निघाला तेव्हा आचलनं त्याच्या शर्टाला मागून मिठी मारली.

कपड्यांच्या ओझ्यानं तार लवली की तिला टेका द्यायची वेळूची काठी ओसरीच्या आत, भिंतीला टेकून उभी असायची. कोरडी होती. नईमा चप्पल घालून होती. हातातली चौकट टाकून तिनं ती काठी उचलली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि गोदामायच्या मनगटावर हाणली. मूठ सुटली नाही. तिनं पुन्हा हाणली, आधीपेक्षा जोरात.

तेवढ्यात गल्लीतले लोक फाटकाशी आले होते. त्यांना दिसलं ते एवढंच: नईमा एका म्हातारीला काठीनं मारते आहे. किराणा दुकानवाला सूर्यभान धावत आत गेला आणि त्यानं नईमाचा खांदा मागून धरला. कोणीतरी तिला शिवी दिली. तिनं मागे पाहिलंही नाही. खांदा झटकला आणि तिसऱ्यांदा मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मूठ उघडली आणि गोदामाय मागे, ओल्या फरशीवर पडली.

सूर्यभाननं काठी हिसकून घेतली. तेव्हा अमोल म्हणाला, “सोडा तिले. तारेत करंट आहे.”

 सूर्यभान आपल्या हातातल्या काठीकडे पाहत राहिला, मग ती त्यानं हळूच खाली ठेवली, जणू तीही झटका देईल. फाटकाशी उभे असलेले दोघं-तिघं त्याआधीच निघून गेले होते. त्यांनी अर्धंच पाहिलं होतं, आणि बाजारात पुढे कित्येक दिवस त्या अर्ध्याच गोष्टीची चर्चा चालली.

गोदामायचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. श्वास होता. ऑटोत घालून तिला दवाखान्यात नेलं. नईमा तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि ते चोळत होती. दवाखान्यात नर्सनं विचारलं की मनगट कसं मोडलं. नईमा म्हणाली, “म्या मोडलं.” नर्सनं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

इकडे लाईनमन देवीदास आला. आधी त्यानं खांबावरून वीज तोडली, मग शिडी लावून छपरावर चढला. अमोलला आईजवळ जायचं होतं, पण देवीदास म्हणाला की घरचं कोणीतरी पाहायला हवं, म्हणून तोही चढला. मी शिडी धरून खाली उभा होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

खांबावरून घरात येणारी तार छपराच्या कडेला टेकत होती. वाऱ्यानं हलून हलून तिचं काळं वेष्टन टिनाच्या धारेनं कापलं गेलं होतं आणि टिनावर भाजल्याचे पांढरे डाग होते. तार हलली की तिथं बारीक ठिणग्या पडायच्या. तीच ती खरखर. टिनातून करंट कपड्यांच्या तारेत उतरायचा. हे सगळं मीटरच्या आधी, खांबाच्या बाजूला होतं, म्हणून घरातला स्विच ओढून काही उपयोग झाला नव्हता. आचल घरातही रबरी चप्पल घालून वावरायची, म्हणून तिला कधी काही जाणवलं नाही.

देवीदासनं टिनावरून हात फिरवला आणि म्हणाला, “हे टिन नवं दिसते.”

अमोल म्हणाला, “म्याच लावलं. चैतात. आईच्या खोलीत ऊन येत होतं म्हणून कड थोडी बाहेर काढली.”

देवीदास समजूतदार माणूस. तो कापलेल्या तारेवर पट्टी गुंडाळू लागला. अमोल छपरावरच बसला आणि बराच वेळ उतरला नाही. शिडी धरून माझे हात अवघडले, पण त्याला खाली बोलवायचा धीर मला झाला नाही.

गोदामायचं काळीज काही दिवस वेडंवाकडं चाललं. मग सावरलं. तळहात आतपर्यंत भाजला होता, त्यासाठी तिला अमरावतीला हलवलं. तिथं एक बोट काढावं लागलं. नईमा रोज एसटीनं जायची, डबा घेऊन. वॉर्डात तिच्या खाटेजवळ बसायची. त्या काळात तिनं दुकान उघडलं नाही. वकारनं एकदा तिच्यापुढे तारेचं रीळ ठेवलं, तर तिनं ते नुसतं हातात धरलं आणि परत ठेवलं.  

गोदामायला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. मनगट कशानं मोडलं हे तिला आचलनं सांगितलं. पुढच्या दिवशी नईमा आली तेव्हा गोदामायनं तिला जवळ बोलावलं.

“मारलं तं बरं केलं,” ती म्हणाली. “पण पयल्याच काठीत काहून नाई सोडवलं? तीन खाल्ल्या ना म्या.”

नईमा हसली नाही. ओढणी तोंडात धरून वॉर्डाबाहेर गेली. तिथं बाकावर अमोल बसला होता. झालेल्या प्रकारानंतर तो कोणाशी धड बोलत नव्हता. घरात जेवायला बसायचा नाही, उभ्याउभ्या दोन घास खायचा. तो तिला म्हणाला, “आपा, म्याच लावलं ते टिन.”

नईमा त्याच्याशेजारी बसली. ती म्हणाली, “तू आईले ऊन लागू नये म्हणून टिन लावलं. डॉक्टरनं साखर पाह्यली, ते साखर होतीच. मी चौकट दुरुस्त करत बसली. सगळ्याहीनं आपापलं काम नीट केलं, अमोल. अन् तरी ते तिथपर्यंत पोचलं. हेच मले समजून नाही राहिलं.”

 हे बोलणं नईमानं पुढे मला सांगितलं.

गोदामाय घरी आली. अंगणात आता नायलॉनची दोरी आहे, दोन्ही बाजूंनी लाकडाला बांधलेली. तिच्यात वीज येऊच शकत नाही हे आचलला माहीत आहे. तरी ती रोज आधी हाताच्या मागच्या बाजूनं दोरीला स्पर्श करून पाहते. गल्लीतल्या दुसऱ्या बायकाही तसंच करू लागल्या आहेत. सूर्यभान नईमाला भेटायला गेला होता. त्यानं तिच्या दुकानाच्या पायऱ्या झाडल्या आणि निघून आला.

काही दिवसांनी नईमानं दुकान उघडलं आणि तार हातात घेतली. पहिली चौकट तिला बऱ्याचदा सोडावी लागली, पण जमली. ती द्यायला ती अमरावतीला अश्विन सरांच्या घरी गेली. तिथली मंडळी जमली होती, चहा झाला होता. बोलता बोलता त्यांच्यातला एकजण म्हणाला की त्याच्या रेडिओत हल्ली खरखर येते, चौकट एकदा पाहून द्या.

नईमानं कप खाली ठेवला आणि उभी राहिली. त्याचं घर कुठे आहे, घरात आत्ता कोण आहे, कपडे कशावर वाळत घालता, हे तिनं एका दमात विचारलं. त्यानं सांगितलं की घरात आई एकटी आहे. नईमा निघाली. अश्विन सर तिच्या खांद्यावर हात ठेवून सोबत निघाले. भर दुपारी, उन्हात, ती जवळपास धावत होती आणि अश्विन सर तिच्यामागे अडखळत होते. दार उघडणाऱ्या म्हातारीला तिनं आधी खाटेवर बसवलं, पाय वर घ्यायला सांगितले, कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग तिथला रेडिओ आणि चौकट घेऊन घरभर फिरली.

खड्डा देवघराकडे दाखवत होता. तिथं एक नवा, स्वस्तातला एलईडी बल्ब लावलेला होता. तिनं तो बंद केला. खरखर थांबली. चालू केला, आली. बल्बच होता. त्यात धोक्याचं काही नव्हतं.

म्हातारीनं विचारलं, “झालं का वं?”

नईमा हो म्हणाली. तिनं बल्ब काढून हातात घेतला, बाहेर आली, आणि पायरीवर बसली. अश्विन सर तिच्याजवळ उभे होते. तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. त्यांनी विचारलं की पाणी आणू का. तिनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. आत म्हातारीनं रेडिओ लावला होता आणि नागपूरच्या बातम्या स्वच्छ येत होत्या. नईमा मात्र बल्ब हातात धरून अजून पायरीवरच बसून होती.